नेत्याला शिक्षा होते तेव्हा...

१० जानेवारी २०२४ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर जमलेली गर्दी एखाद्या परक्या माणसाने पाहिली असती, तर कोणीतरी निवडणूक जिंकून येत आहे, असाच त्याचा समज झाला असता. समर्थकांच्या घोषणा, वाहनांचा ताफा आणि स्वागताची धांदल असा सारा थाट विजयाचा होता. बाहेर आले ते माजी मंत्री सुनील केदार. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे गैरव्यवहारात २२ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून पाच वर्षांचा सश्रम कारावास आणि साडेबारा लाख रुपये दंडाची शिक्षा ठोठावली होती. लगोलग त्यांची आमदारकी गेली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा निलंबित करून त्यांना जामीन दिला आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविलेले नव्हते. दोषी ठरविणारा निकाल जागच्या जागी होता. तरीही स्वागत मात्र निर्दोष सुटलेल्या माणसाचे झाले. या मिरवणुकीबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदविला, हे त्यातले आणखी एक उपकलम.

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरच्या परिसरात, पूर्णेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि हळद घेणाऱ्या शेतकऱ्याला नागपूरच्या बँकेचा हा खटला लांबचा वाटणे स्वाभाविक आहे. पण तसा तो लांबचा नाही. गावातील सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक आणि त्यावर राज्य सहकारी बँक ही तीन पायऱ्यांची रचना नागपुरात आहे तशीच परभणी-हिंगोलीतही आहे. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी पीककर्जासाठी येथील शेतकऱ्याचे नाते परभणी जिल्हा मध्यवर्ती बँकेशीच राहिले. ज्या कंपनीच्या नावाने नागपूरचे प्रकरण गाजले, त्या होम ट्रेडच्या व्यवहारांची झळ मराठवाड्यात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा बँकेलाही बसली होती. तेव्हा 'तिकडे कुणाला तरी शिक्षा झाली' एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही. मोठा नेता दोषी ठरतो तेव्हा लोक जसे वागतात, तसे का वागतात, हे समजून घेणे आपल्याही हिताचे आहे.

प्रथम प्रकरण काय होते ते पाहू. कोणत्याही बँकेला आपल्या ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. ठेवीदाराचा पैसा सुरक्षित राहावा, हा त्यामागचा हेतू. २००१-०२ च्या सुमारास नागपूर जिल्हा बँकेने हे रोखे थेट न घेता खासगी दलाल कंपन्यांमार्फत घेतले. बँकेने पैसे मोजले. रोखे मात्र बँकेच्या हाती आलेच नाहीत. दलाल कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे दीडशे कोटी रुपये गेले. त्यातील होम ट्रेड ही कंपनी म्हणजे त्या काळची मोठी मौज होती. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन अशी मंडळी तिच्या जाहिरातींत झळकत. कंपनी नेमके करते काय, हे मात्र जाहिरात पाहून कोणालाच उमगत नसे. पुढे ते उमगले, पण तोवर विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या ठेवी त्या झगमगाटात विरून गेल्या होत्या. एप्रिल २००२ मध्ये गुन्हा नोंदला गेला, त्याच वर्षी आरोपपत्रही दाखल झाले. केदार तेव्हा बँकेचे अध्यक्ष होते. अखेरच्या निकालात त्यांच्यासह सहा जण दोषी ठरले आणि तिघे सुटले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. घोटाळा उघड होताच रिझर्व्ह बँकेने २००२ मध्येच बँकांना सरकारी रोखे कागदी स्वरूपात न ठेवता नोंद-खात्यातच ठेवण्याचे बंधन घातले आणि दलालांशी होणाऱ्या व्यवहारांवर चाप लावला. म्हणजे ज्या फटीतून पैसा गेला ती फट बुजवायला काही आठवडे लागले. ती फट कोणी वापरली, हे ठरवायला एकवीस वर्षे लागली.

लोकांच्या प्रतिक्रियेचे बरेचसे कोडे या एकवीस वर्षांत दडलेले आहे. आरोपपत्र २००२ चे. त्यानंतर सावनेर मतदारसंघातून केदार २००४, २००९, २०१४ आणि २०१९ अशा चार वेळा विधानसभेवर निवडून गेले. डिसेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात ते राज्याचे पशुसंवर्धन, दुग्धविकास व क्रीडामंत्री होते. या चारही वेळी मतदाराला खटल्याची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही. नागपूर जिल्ह्यात त्याची चर्चा कधी थांबलीच नव्हती. मग २०२३ मध्ये न्यायालय म्हणते की हा माणूस दोषी आहे, तेव्हा चार वेळा मत देऊन बसलेल्या माणसाने काय करावे? आपण चार वेळा चुकलो, असे कबूल करावे, की न्यायालयाच्या निकालातच काहीतरी काळेबेरे आहे, असे म्हणावे? दुसरे सोपे असते. निकाल वेळेत, म्हणजे २००५-०६ च्या सुमारास आला असता, तर मतदाराला तो विचारात घेऊन मत देता आले असते. उशिरा आलेल्या निकालावर मत बनविण्याऐवजी तो आपल्या जुन्या मताचा बचाव करतो. नेत्याच्या निष्ठेपोटी लोक आंधळे होतात, असे शहरी वाचकाला वाटते. वस्तुतः न्यायाच्या दिरंगाईने त्यांना नेत्याच्या बाजूने आधीच उभे करून ठेवलेले असते.

जळगावचे प्रकरण याची दुसरी बाजू दाखविते, म्हणून ते थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. सुरेश जैन १९८० पासून २०१४ पर्यंत जळगाव शहराचे आमदार होते. पक्ष बदलत गेले, आमदारकी तीच राहिली. नगरपालिका त्यांच्या गटाच्या ताब्यात होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना आखली गेली, हुडकोचे कर्ज काढले गेले, ठेकेदाराला कोट्यवधींची उचल दिली गेली. घरे मात्र थोडीच पूर्ण झाली आणि कर्जाचे ओझे शहराच्या मानेवर पुढे दोन दशके राहिले. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. तिच्यावर सहा वर्षे फारसे काही घडले नाही. मार्च २०१२ मध्ये जैन यांना अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जामीन देईपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ ते कोठडीत राहिले. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल दिला. तब्बल ४८ आरोपी दोषी ठरले. जैन यांना सात वर्षे कारावास आणि शंभर कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. महाराष्ट्राच्या राजकारणात एकाच निकालाने एका शहराची जवळजवळ संपूर्ण सत्ताधारी पिढी दोषी ठरावी, असे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

आणि तरीही या निकालानंतर जळगाव पेटून उठले नाही. याचे कारण मागच्या सात वर्षांत शोधावे लागते. अटकेनंतर पहिल्यांदा झालेल्या २०१३ च्या महापालिका निवडणुकीत जैन कोठडीत असूनही त्यांची खान्देश विकास आघाडीच सर्वांत मोठा गट ठरली होती. सहानुभूतीची लाट म्हणतात ती हीच. पण २०१४ च्या विधानसभेत, कोठडीतूनच लढणाऱ्या जैन यांचा पराभव झाला. २०१८ मध्ये महापालिकेच्या ७५ पैकी ५७ जागा भाजपने जिंकल्या. म्हणजे सहानुभूती उतरत गेली, नेता नजरेआड गेला, लोकांनी दुसरी दारे शोधली आणि मग निकाल आला. निकालाच्या दिवशी ज्याच्याकडे देण्यासारखे काही उरलेले नाही, त्याच्यासाठी गर्दी जमत नाही. हे विधान कठोर वाटेल. परंतु नागपूर आणि जळगाव शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हीकडील फरक गुन्ह्याच्या स्वरूपाचा किंवा शिक्षेच्या मुदतीचा नाही. शिक्षेच्या दिवशी नेत्याच्या हातात काय शिल्लक होते, त्याचा हा फरक आहे.

हातात काय असते, ते मराठवाड्यातल्या वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नाही. डीपी जळाली की महावितरणच्या अभियंत्याला फोन कोणी करायचा? नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात खाट मिळत नसेल, तर शब्द कोणी टाकायचा? पोराचे वसतिगृह, सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद, कालव्याचे शेवटच्या चारीपर्यंत न पोहोचणारे पाणी, या सगळ्या ठिकाणी नियमाने जे काम व्हायला हवे ते माणसाने होते. असा माणूस तुरुंगात जातो, तेव्हा शेकडो कुटुंबांचे एक दार बंद होते. कारागृहाबाहेर जमणाऱ्यांत भाडोत्री आणि हौशी असतातच, पण या दाराची खरोखरच गरज असलेलेही असतात. त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे ही सोयीची चूक आहे. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता चोख असतो.

गडबड अशी की, त्या हिशेबात एक रक्कम कधीच मांडली जात नाही. दार उघडून देणारा नेता डोळ्यांना दिसतो. बुडालेला पैसा दिसत नाही. दीडशे कोटी लाखो खातेदारांत विभागले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तोटा अंगावर येत नाही. पीककर्ज उशिरा मिळते, शाखेत पैसे काढायला रांग लागते, व्याजाची सवलत मिळत नाही, अशा रूपाने तो येतो आणि त्याचा संबंध कोणी रोख्यांशी जोडत नाही. पुढे एका टप्प्यावर नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना बँकिंग परवान्याअभावी नव्या ठेवी स्वीकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली होती. त्या बँकांच्या दुरवस्थेला हा एकच व्यवहार कारणीभूत होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. थकीत कर्जे, कर्जमाफ्यांचे राजकारण आणि ढिसाळ कारभार यांचाही त्यात वाटा होता. पण ज्या शेतकऱ्याला त्या हंगामात बँकेकडून कर्ज मिळाले नाही आणि जो सावकाराच्या ओट्यावर गेला, तोही या खटल्यातला फिर्यादीच होता. त्याचा मोर्चा निघाला नाही. निकालाच्या दिवशी त्याची मुलाखत कोणी घेतली नाही. खुनाच्या खटल्यात मृताचे कुटुंब न्यायालयाच्या आवारात उभे असते, सहकारी बँकेच्या खटल्यात तिथे फक्त आरोपीची माणसे असतात.

'सूडाचे राजकारण' हा युक्तिवाद

शिक्षा होताच समर्थकांकडून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'हे सूडाचे राजकारण आहे'. ते तपासून पाहायला हवे, कारण ते नेहमीच खोटे असते असे नाही आणि नेहमीच खरे असते असे तर मुळीच नाही.

नागपूरच्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे सरकार होते. जळगावची फिर्याद आणि अटका त्याच आघाडीच्या काळातल्या. इतकेच काय, मे २०१२ मध्ये देवकर यांना अटक झाली तेव्हा ते त्याच सरकारमध्ये राज्यमंत्री होते. या दोन खटल्यांना सूड म्हणायचे तर सूड कोणी कोणावर उगवला, हे आधी ठरवावे लागेल. कागदपत्रे लेखापरीक्षकांनी आणि आयुक्तांनी गोळा केली होती, विरोधी पक्षाने नव्हे.

पण संशयाला खतपाणी घालणारी उदाहरणेही आपल्याच राज्यात आहेत. राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटप प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. २०२२ मध्ये त्याच शाखेने पुढील तपासाची तयारी दाखविली. २०२४ मध्ये पुन्हा प्रकरण बंद करण्याचा अहवाल आला. या चार वर्षांत सरकारे बदलली आणि पक्षही फुटले. तपासयंत्रणेची अशी कोलांटी उडी तिसऱ्यांदा पाहिलेल्या सामान्य माणसाला पुढचा निकाल कितीही पुराव्यानिशी आला, तरी त्यात राजकारण दिसणारच. 'सगळेच खातात, सापडला तो चोर' ही भावना अशीच तयार होते. ती दुष्ट नाही. अनुभवाने आलेली आहे. मात्र तिचा सर्वांत मोठा लाभार्थी खरोखर दोषी असलेला माणूस असतो, हे लक्षात घ्यावे लागते.

शिवाय सत्तेतील माणसालाही शिक्षा होते, याचे ताजे उदाहरण नाशिकचे. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातील सदनिका खोटी माहिती देऊन घेतल्याच्या १९९५ च्या प्रकरणात माणिकराव कोकाटे यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम ठेवल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. तक्रार करणारे माजी मंत्री तुकाराम दिघोळे हा निकाल पाहायला हयात नव्हते. तीस वर्षांनी आलेल्या शिक्षेवर लोक काय बोलतील? बहुतेक जण मूळ प्रकरण काय होते, एवढेच विचारत होते.

निकालाला लागणाऱ्या वेळाची थट्टा करावी असा आणखी एक योगायोग महाराष्ट्राने पाहिला आहे. युती सरकारमधील मंत्री बबनराव घोलप यांच्यावर केलेल्या आरोपांबद्दल १९९८ मध्ये मुंबईतील न्यायालयाने बदनामीच्या खटल्यात अण्णा हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा ठोठावली आणि अण्णा येरवड्याला गेले. तेव्हा राज्यभर जो क्षोभ उसळला, तो शिक्षा झालेल्या माणसाच्या बाजूनेच होता आणि सरकारला त्यांना लवकर सोडावे लागले. पुढे मार्च २०१४ मध्ये बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात खुद्द घोलप यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी ते शिर्डी लोकसभा मतदारसंघातून शिवसेनेचे घोषित उमेदवार होते. पक्षाने ऐनवेळी सदाशिव लोखंडे यांना उभे केले आणि ते निवडूनही आले. शिक्षा झालेला माणूस लोकांच्या लेखी नेहमीच गुन्हेगार ठरत नाही, हे १९९८ ने दाखविले. शिक्षा झालेला उमेदवार बदलला म्हणून मतदार पक्षाला सोडून जातोच असे नाही, हे २०१४ ने. लोकभावना न्यायालयाच्या निकालाला बांधलेली नसते, ही गोष्ट दोन्ही टोकांना लागू आहे आणि पहिल्या टोकाचे आपण कौतुक करतो, हेही विसरता येत नाही.

जामीन, निलंबन, स्थगिती

प्रतिक्रियांमधला बराच गोंधळ शब्दांचा आहे आणि त्यात आम्हा वर्तमानपत्रांचाही हातभार आहे. 'केदारांना दिलासा' असा मथळा वाचला की वाचकाच्या मनात खटला संपतो. म्हणून हे थोडे नीट पाहू.

न्यायालय दोन गोष्टी करते. आरोपी दोषी आहे असे ठरविते, ही दोषसिद्धी. मग त्याला किती काळ तुरुंगात राहावे लागेल ते सांगते, ही शिक्षा. वरच्या न्यायालयात अपील केले की सहसा शिक्षा निलंबित होते आणि जामीन मिळतो, कारण अपिलाची सुनावणी व्हायला वर्षे लागतात आणि तोवर शिक्षा भोगून संपली तर अपिलाला अर्थ उरत नाही. यात निर्दोषत्वाचा काहीही संबंध नसतो. दोषसिद्धीला स्थगिती मिळणे ही मात्र निराळी आणि दुर्मीळ गोष्ट आहे. अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय ती देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. २००७ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांना आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राहुल गांधी यांना अशी स्थगिती मिळाली होती.

नेत्याच्या दृष्टीने खरी मेख या दुसऱ्या गोष्टीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेला माणूस दोषी ठरल्याच्या दिवसापासून अपात्र होतो आणि शिक्षा भोगून सुटल्यावर आणखी सहा वर्षे अपात्रच राहतो. पूर्वी विद्यमान आमदार-खासदाराला यातून पळवाट होती: तीन महिन्यांत अपील केले की पद शाबूत राहत असे. लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. तत्कालीन केंद्र सरकारने ती अध्यादेशाने परत आणण्याचा घाट घातला होता, तो राहुल गांधी यांनीच जाहीरपणे फेटाळला आणि अध्यादेश मागे घेतला गेला. दहा वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, त्याच नियमाने त्यांची स्वतःची खासदारकी गेली. राजकारणात असे काव्यात्म न्याय क्वचितच इतके वेळेवर मिळतात.

केदार यांना जामीन मिळाला, पण दोषसिद्धीला स्थगिती देण्यास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नकार दिला. त्यामुळे कारागृहाबाहेरचा जल्लोष ज्या गोष्टीसाठी होता, ती प्रत्यक्षात मिळालेलीच नव्हती. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ते उमेदवार होऊ शकले नाहीत. सावनेरमधून त्यांच्या पत्नी अनुजा केदार काँग्रेसतर्फे उभ्या राहिल्या आणि भाजपचे आशिष देशमुख यांच्याकडून पराभूत झाले ते केदार घराणे, असा सरधोपट अर्थ त्याचा लावला गेला. तो पूर्णतः बरोबर नाही. त्या निवडणुकीत राज्यभरच महाविकास आघाडीचे पानिपत झाले होते. सावनेरचा निकाल शिक्षेमुळे किती आणि लाटेमुळे किती, हे वेगळे काढता येणार नाही. एवढे मात्र खरे की जानेवारीतील गर्दीवरून नोव्हेंबरातील मतांचा अंदाज बांधणारे फसले. रस्त्यावर उतरतात ते निष्ठावंत. मतदान केंद्रावर जातात ते सगळे.

हे केवळ आपल्याकडेच घडते, असेही नाही. जयललिता यांना बंगळूरच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये चार वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा तमिळनाडूत दुकाने बंद पडली, लोकांनी आत्मघात केले. मे २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, २०१६ मध्ये त्या पुन्हा निवडणूक जिंकल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकालच योग्य ठरविला. फ्रान्सचे माजी अध्यक्ष निकोलस सार्कोझी २१ ऑक्टोबर २०२५ रोजी पॅरिसच्या तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या घराबाहेरही समर्थकांची गर्दी होती. फरक मुदतीचा आहे. सार्कोझी यांच्याविरुद्धचे प्रकरण २००७ च्या निवडणूक निधीचे. फ्रेंच माणसाला ती दिरंगाई लाजिरवाणी वाटते. आपल्या हिशेबाने अठरा वर्षे म्हणजे बऱ्यापैकी वेग.

पैशाचे काय?

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही. नेत्याला शिक्षा झाली, पण पैसा परत आला का? सामान्य समज असा की शिक्षेबरोबर वसुलीही होते. तसे नाही. फौजदारी न्यायालय कारावास आणि दंड देते. साडेबारा लाखांचा दंड दीडशे कोटींच्या शेजारी ठेवून पाहावा. बुडालेली रक्कम वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ नुसार चौकशी होते आणि कलम ८८ नुसार संचालकांची वैयक्तिक जबाबदारी निश्चित केली जाते. त्या निर्णयावर अपील होते. ते अनेकदा सहकारमंत्र्यांपुढे, म्हणजे एका राजकीय नेत्यापुढेच, चालते. तेथे स्थगिती मिळते, मंत्री बदलतात, सुनावणी नव्याने सुरू होते. फौजदारी खटल्याला निदान शेवट तरी आला. कलम ८८ खालील प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतात आणि त्यांची बातमी आतल्या पानावरही येत नाही. ज्या बातमीत कोणी तुरुंगात जात नाही, तिच्यासाठी ना फटाके वाजतात, ना निषेध होतो.

वाचकाच्या हाती काही आहे का, असे विचारले तर उत्तर थोडे रुक्ष आहे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. तिथे अहवाल वाटला जातो, 'वाचला असे समजावे' म्हणून तो मंजूर होतो आणि मंडळी चहाकडे वळतात. त्याच अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग दिलेला असतो. अ, ब, क, ड यांपैकी. मागच्या वर्षी 'अ' होता आणि यंदा 'क' झाला, तर का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांची पूर्तता झाली का, हेही विचारता येते. गुंतवणूक कुठे केली आहे आणि तिच्या पावत्या कोणाच्या ताब्यात आहेत, हा तिसरा प्रश्न. नागपूरच्या सभासदांनी २००१ च्या सभेत हा तिसरा प्रश्न विचारून लेखी उत्तर मागितले असते, तर बँकेला दाखवायला रोखे नव्हते.